नवऱ्याच्या गावची गोल्फ स्पर्धा, आणि यंदा बॅग मी धरायची आहे. कुणी अनुभवी आहे का?

पलूसची लेक

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं लीड्सला आहे, माहेर सांगली जिल्ह्यातलं, पलूसजवळचं. नवरा स्कॉटलंडचा, फाइफमधल्या ईस्ट न्यूक भागातला. एडिनबर्गच्या उत्तरेला जमिनीचं जे टोक समुद्रात घुसलंय ना, तिथली ही मासेमारीची छोटी गावं. न्यूक म्हणजे त्यांच्या बोलीत कोपरा.

त्याच्या गावच्या क्लबची दरवर्षी जुलैत दोन दिवसांची स्पर्धा असते, शनिवार-रविवार. बक्षीस म्हणाल तर एक कप आणि थोडी व्हाउचरं. पण गाव सोडून गेलेली पोरं या दोन दिवसांसाठी लंडनहून, अबर्डीनहून येतात. शाळेतले मित्र, त्यांचे बाप, दोघातिघांचे आजोबासुद्धा खेळतात. आमच्याकडं कुंडलच्या कुस्तीच्या मैदानाला मुंबईची माणसं रजा टाकून येतात, तसंच. मला त्यामुळं या गोष्टीचं मोल समजतं, ते कुणी समजावून सांगायला नको.

गेली दोन वर्षं मी नोकरीमुळं गेले नाही. यंदा जायचं पक्कं आहे. अडचण अशी की गेली अकरा वर्षं नवऱ्याची बॅग माझे सासरे धरायचे. मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा जेवताना नवरा म्हणाला, "यंदा तू धरशील का?" मी लगेच हो म्हणाले. त्यानंतर रोज रात्री तेच मनात घोळतंय. मला गोल्फमधलं काही कळत नाही. त्याच्या लहानपणच्या मित्रांसमोर माझ्या एखाद्या चुकीनं त्याला खाली बघायला लागू नये, एवढीच काळजी.

अजून एक आहे, ते इथंच लिहिते. माझे बाबा न चुकता कुंडलला जायचे. आईपण जायची, म्हणजे आत्याच्या घरी जायची. दोन दिवस भाकऱ्या थापायची आणि तिसऱ्या दिवशी परत यायची. मैदान तिनं कधीच बघितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आवाज यायचा की गं घरापर्यंत." सासूबाई प्रेमळ आहेत, पण स्पर्धेच्या दिवशी क्लबात चहा, सँडविच, स्कोन यांचं सगळं गावातल्या बायका बघतात, आणि नणंदेनं आत्ताच विचारलंय की तू शनिवारी सकाळी आमच्याबरोबर आहेस ना. मला त्यांना दुखवायचं नाही. पण दोन दिवस त्या स्वयंपाकघरातपण जायला नको आहेत.

तर सांगा. बॅग धरणाऱ्यानं नक्की काय करायचं असतं? दोन्ही दिवस जाऊ की एकच? कपडे कसले? आणि थोडा वेळ माझा म्हणून मिळाला तर त्या भागात काय बघू?

फोर्थच्या काठी

एडिनबर्गला राहतो, त्या बाजूला वरचेवर जाणं होतं, म्हणून प्रवासापुरतं सांगतो. गाडीनं येणार असाल तर लीड्सहून पाच तास धरा, आणि शुक्रवारी एडिनबर्गचा बायपास दुपारी चारच्या आत पार करा. नंतर तो तुंबतो.

तुला एकटीला फिरायचं असेल तर ९५ नंबरची बस लक्षात ठेव. लेव्हनहून निघते आणि ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अ‍ॅन्स्ट्रदर, क्रेल अशी किनाऱ्यावरची सगळी गावं घेत सेंट अँड्रूजला जाते. लेव्हनला २०२४ च्या जूनपासून पुन्हा रेल्वे आली आहे. सेंट अँड्रूजला मात्र स्टेशन नाही, ते १९६९ सालीच बंद झालं. तिथं ट्रेननं जायचं तर ल्यूचर्सला उतरून ९९ नंबरची बस.

जुलै म्हणून फसू नकोस. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून धुकं येतं, त्याला इथं 'हार' म्हणतात. मैलभर आत लख्ख ऊन असतं आणि किनाऱ्यावर दहा पावलांवरचं दिसत नाही. कानटोपी आणि पाऊस-वारा अडवणारं जाकीट गाडीत नाही, अंगावर किंवा बॅगेत पाहिजे.

कॅडीबाई

पलूसची लेक, तुझं वाचून लगेच लिहायला बसले. मी रत्नागिरीची, चौदा वर्षं डंडीत. नवरा इथलाच, आणि त्याच्या गावच्या स्पर्धेत मी नऊ वेळा बॅग धरली आहे. जे कुणी मला पहिल्या वर्षी सांगितलं नाही ते सगळं सांगते.

पहिलं म्हणजे, हे हमालीचं काम समजू नकोस. मैदानावर खेळाडूनं सल्ला मागायचा तर तो फक्त स्वतःच्या कॅडीकडं, म्हणजे बॅग धरणाऱ्याकडं. मित्राला "कुठली काठी घेऊ" असं विचारलं तरी दंड पडतो. म्हणजे त्या चार तासांत त्याच्या बाजूचं माणूस एकच, तू. याची दुसरी बाजू अशी की तू नियम मोडलास तर दंड त्याला बसतो. माझ्या पहिल्याच वर्षी वाढलेल्या गवतात चेंडू सापडला. आमचाच आहे का बघायला मी तो पटकन उचलला. जागेवर खूण न करता उचलला, म्हणून एक फटका दंड. नवरा काही बोलला नाही. मी मात्र पुढचे तीन होल मान वर केली नाही. त्यामुळं तू चेंडूला हात लावूच नकोस. "इथं आहे" म्हणायचं आणि थांबायचं. शोधताना चुकून पाय लागून हलला तर दंड नाही, परत तिथंच ठेवायचा, घाबरायचं नाही.

तुझं खरं काम डोळ्यांचं. त्यानं फटका मारला की तो स्वतः काठीकडं बघेल, आभाळाकडं बघेल, वैतागेल. तू चेंडू पडेपर्यंत नजर काढायची नाही. पडला की त्याच्या रेषेत मागची एक खूण धरायची. कुंपणाचा खांब, पांढरा दगड, वेगळ्या उंचीचं झुडूप. मग त्या खुणेवर नजर ठेवून सरळ चालत सुटायचं, मध्ये कुणी बोलायला आलं तरी. शोधायला तीन मिनिटं मिळतात. पूर्वी पाच होती, २०१९ पासून तीन झाली. किनाऱ्यावरच्या कोर्सवर गॉर्सची काटेरी झुडपं असतात, आत हात घालायचा तर जाड हातमोजा ठेव. एक चेंडू शोधून दिलास की तुझ्या कपड्यांकडं आणि अज्ञानाकडं कुणाचं लक्ष जात नाही.

उभं कुठं राहायचं हे दुसरं. तो पवित्रा घेत असताना चेंडूच्या मागं, फटक्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. यालाही आता दंड आहे. बाजूला, त्याच्या तोंडासमोर, जरा लांब. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, गेलीस की प्रत्येकाचा चेंडू आणि भोक यांच्यामधली रेघ मनात आखायची आणि तिच्यावर पाय द्यायचा नाही. तुझी सावलीसुद्धा त्या रेघेवर नको. झेंडा धरायला सांगितला तर कापड मुठीत दांड्यासकट धर, नाहीतर वाऱ्यात फडफडतं. वाळूतून खेळून झालं की दाताळ्यानं वाळू सारखी करून मागं मागं बाहेर यायचं, आपली पावलं पण पुसत.

टॉवेल घेऊन जा, अर्धा भिजवलेला, अर्धा कोरडा. प्रत्येक फटक्यानंतर काठीचं तोंड पुसायचं. पावसात काठ्यांच्या मुठी कोरड्या ठेवणं हेच सगळ्यात मोठं काम होऊन बसतं.

वजनाचं बघ. चौदा काठ्या, पाणी, छत्री, रेनकोट धरून दहा-बारा किलो सहज होतं, आणि एका फेरीत आठ-दहा किलोमीटर चालणं होतं, तेही वाळूच्या उंचवट्यांवरून. सवय नसेल तर ढकलायची ट्रॉली घे, त्यात कमीपणा नाही. आणि आदल्या रात्री त्याला एवढंच विचार की स्टेबलफर्ड (गुणांची) आहे का मेडल (एकूण फटक्यांची). स्टेबलफर्डमध्ये एखाद्या होलवर गुण मिळायची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढं जाता येतं. मेडलमध्ये शेवटपर्यंत खेळावंच लागतं, आणि एका होलवर नऊ-दहा फटके गेले की माणूस गप्प होतो. तेव्हा आपणही गप्प राहायचं. "जाऊ दे रे" म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं, नाही म्हणायला पाहिजे होतं.

आता तुझा खरा प्रश्न. माझं मत: शनिवारी पूर्ण फेरी त्याच्याबरोबर, रविवार तुझा. दोन्ही दिवस गेलीस तर ती नोकरी होते. आणि सासूबाईंना आत्ताच फोन करून सांग, नणंदेमार्फत नाही. "बाबांच्या जागी मी बॅग धरतेय, म्हणून शनिवारी सकाळी येता येणार नाही" असं. स्वयंपाकघरात यायचं नाही म्हणू नकोस. तू कुठं असणार आहेस ते सांग.

रविवारी सेंट अँड्रूजला जा. तिथला ओल्ड कोर्स रविवारी खेळायला बंद असतो आणि गावासाठी मोकळा असतो. लोक कुत्री घेऊन येतात, पोरं स्विल्कन पुलावर बसतात. ती जमीन गावाची आहे, क्लबची नाही, हे तिथं चालताना अंगात उतरतं. वेस्ट सँड्सचा किनारा बाजूलाच. जवळच 'हिमालयाज' म्हणून चढउतारांचं एक पटिंग ग्रीन आहे, तिथं चेंडू नुसता हलकेच भोकाकडं ढकलायचा. १८६७ साली बायकांसाठी तिथं क्लब निघाला, कारण बाईनं काठी खांद्याच्या वर नेणं तेव्हा बरं समजत नसत. आज थोडे पैसे भरून कुणीही खेळू शकतं, वेळा तेवढ्या बघून जा. शेजारच्या आर अँड ए क्लबनं बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडलं.

आणि कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींच्या आत टॉम मॉरिस नावाच्या गोल्फपटू बाप-लेकाच्या कबरी आहेत. धाकट्या टॉमनं १८६८ ते १८७२ मध्ये ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा लागोपाठ चार वेळा जिंकली, १८७१ साली स्पर्धाच झाली नव्हती. १८७५ च्या सप्टेंबरात तो वडिलांबरोबर फोर्थ खाडीच्या पलीकडं नॉर्थ बेरिकला सामना खेळायला गेला होता. बायको मार्गारेट दिवस भरलेली, घरी. तिची बाळंतपणात तब्येत बिघडल्याची तार आली. सामना संपवून बाप-लेक शिडाच्या बोटीनं परत निघाले. घरी पोचले तेव्हा ती आणि बाळ दोघंही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तो गेला, चोविसाव्या वर्षी. भिंतीतल्या दगडात तो चेंडूसमोर उभा कोरलाय, डोक्यावर स्कॉटिश टोपी. मी दरवर्षी तिथं जाते आणि मला त्याच्याइतकीच ती आठवते.

सरळ बोलते

मी वेगळं सांगते. नवरा खेळणार आणि बायको ओझं उचलून मागं चालणार, हे मला पटत नाही. स्वयंपाकघर टळलं म्हणून आनंद मानायचा का? त्याला ट्रॉली घेऊन दे आणि तू दोन्ही दिवस तुझे तू घे. ईलीला जा, तिथं कोर्सवर पाणबुडीचा जुना पेरिस्कोप बसवलाय, पुढचे खेळाडू टेकडीपलीकडं गेले का ते बघायला. अ‍ॅन्स्ट्रदरला मासेमारीचं संग्रहालय आहे, तिथनं 'मे' नावाच्या बेटावर बोट जाते, जुलैत पफिन पक्षी असतात. जगात एवढं बघण्यासारखं आहे.

निवृत्त फौजी, पुणे

सरळ बोलते ताई, तुमच्या म्हणण्यामागची कळकळ समजते, पण एक अडवतो. मी नोकरीत असताना छावणीतल्या कोर्सवर गोल्फ शिकलो. शिकवलं ते एका कॅडीनं, कुठल्याही साहेबानं नाही. त्याला शाळा नव्हती, पण वारा किती आणि कुठून हे तो गवताची काडी उडवून सांगायचा आणि माझ्या खांद्यात काय चुकतंय ते मागून चालताना ओळखायचा. आपल्या देशात हा खेळ कॅडींनी मोठा केला. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर पहिले भारतीय नव्हेत, पण कॅडी म्हणून सुरुवात करून तिथवर गेले. २००९ साली ती जिंकणारे बंगळुरूचे मुनियप्पाही कॅडीच होते. त्यामुळं बॅग धरणं म्हणजे मागं चालणं, असं मला कधी वाटलं नाही.

मुली, तुला एकच सांगतो. अकरा वर्षं जो मान बापाकडं होता तो त्यानं मित्राला दिला नाही, भावाला दिला नाही. सासऱ्यांजवळ एक संध्याकाळ बस. कुठल्या होलवर तो घाई करतो, कुठल्या वाऱ्यात कुठली काठी घेतो, हे त्यांना पाठ असणार. गुडघा धरून घरी बसलेल्या माणसाला कुणीतरी ते विचारायला पाहिजे. आणि क्लबात कॅडी चालतो ना हे आधी विचारून घ्या, काही स्पर्धांच्या अटी वेगळ्या असतात.

पलूसची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सरळ बोलते, तुमचं मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता तसं मला वाटलं असतं, जर त्यानं गृहीत धरलं असतं. त्यानं विचारलं, आणि नाही म्हटलं असतं तर ट्रॉली घेऊन एकटा गेला असता हे मला माहीत आहे. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, त्याला अनोळखी माणूस नको असतो." नणंदेचंही काही म्हणणं नाही. एक शंका: बॅगेत खायला सांगलीचं भडंग न्यावं म्हणते. चालेल का?

कॅडीबाई

चालेल, पण भडंगात शेंगदाणे असतात. बरोबर खेळणाऱ्यांपैकी कुणाला चालत नाहीत का ते पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतानाच विचार. आणि डब्यात ने. प्लास्टिकची पिशवी कुणाच्या फटक्याच्या वेळी चुरचुरली तर सगळ्यांची तोंडं तुझ्याकडं वळतील.

पलूसची लेक

जाऊन आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहिते.

शुक्रवारी रात्री सासऱ्यांजवळ बसले. फौजी काकांचं ऐकलं ते फार बरं झालं. ते आधी म्हणाले, विशेष काही नाही गं. मग पेन मागितलं आणि बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर अठराही होल काढून दिले. कुठं वारा फसवतो, कुठं त्याला डावीकडची वाळू ओढून घेते. एका होलपुढं त्यांनी फक्त 'याला पाणी दे' एवढंच लिहिलंय. तो कागद आता माझ्या पाकिटात आहे.

शनिवारी सकाळी 'हार', म्हणजे ते समुद्रावरचं धुकं, आलं. पाचव्या होलला समुद्र नाही, झेंडा नाही, पुढची माणसं नाहीत. खुणेचा खांब धरायला सांगितलं होतं, पण खांबच दिसेना. त्यानं फटका मारला आणि चेंडू पांढऱ्यात गेला. मी डोळे मिटले. आधी काहीच नाही, मग उजवीकडं लांबवर, दगडाला लागल्यासारखा एकच टक् आवाज. मी त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले. बाकीचे तिघं डावीकडं शोधत होते. जुन्या दगडी बांधाच्या कडेला चेंडू होता. मी हात लावला नाही. "इथं आहे" म्हणून ओरडले, तर धुक्यातून नवरा कुठं, कुठं करत आला. अजून मिनिट-दीड मिनिट शिल्लक होतं.

दहाव्याला भडंग काढलं. शेंगदाणे सगळ्यांना चालत होते. त्याच्या शाळेतल्या मित्रानं डबा हातातून सोडलाच नाही.

स्टेबलफर्ड होती. पहिल्या दिवशी बत्तीस गुण, दुसऱ्या दिवशी कमी. नंबरात नाही आला. रविवारी तो ट्रॉली घेऊन गेला आणि सासूबाई मला घेऊन सेंट अँड्रूजला आल्या. ओल्ड कोर्सवर चाललो, कबरी बघितल्या. वीस मिनिटांवर राहून त्या टॉम मॉरिसच्या कबरीपर्यंत शाळेनंतर कधी गेल्या नव्हत्या. मार्गारेटचं मी त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ तिथं उभ्या होत्या, मग म्हणाल्या, शेवटचे होल तरी बघायला जाऊ, चल. त्यामुळं शेवटचे तीन होल आम्ही दोघी होतो. सासरे काठी टेकत अठराव्याच्या ग्रीनपर्यंत आले होते.

ट्रॉली मी शनिवारी घेतली नव्हती. चूक झाली, खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे अजून. काल आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिनं विचारलं, "किती वजन गं त्या बॅगेचं?" अकरा किलो, म्हटलं.

"म्हणजे भरलेली घागर," आई म्हणाली. "आणि चाललीस किती?"